मागे जाऊन वाचणारी मुलगी

उत्तरायण होऊन बरेच दिवस झाले होते, तरी शाळेसमोरच्या तारांवर फाटके पतंग अजून लोंबत होते. वहिनीच्या वडोदऱ्यातल्या शाळेत त्या दिवशी दुसरीच्या मुलांची वाचनचाचणी होती. एकेक मूल आत जाणार, बाकीच्यांना व्हरांड्यात बसवून ठेवायला कुणीतरी हवं, म्हणून तिने मला बोलावलं होतं. माझी जागा दाराशीच होती, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. चाचणी घ्यायला बाहेरून आलेल्या बाई शांत आणि मायाळू होत्या. मूल आलं की नाव विचारायच्या, दोन गोष्टी बोलायच्या, मग उताऱ्याचा कागद पुढे सरकवून मोबाइलवर एक मिनिट लावायच्या. त्यांच्याकडे उताऱ्याची दुसरी प्रत होती. चुकलेल्या शब्दावर पेन्सिलीची आडवी रेघ, मिनिट संपेल तिथे उभी रेघ, मग मोजणी, वजाबाकी, आकडा. पुढचं मूल.

ती मुलगी आली तेव्हा तिच्या उजव्या तर्जनीवर पट्टी होती. मांज्याने कापलेलं बोट अजून भरून आलेलं नव्हतं, म्हणून ती मधल्या बोटाने ओळ धरून वाचत होती. घरी मराठी, शाळेत गुजराती. उतारा अर्थातच गुजराती आणि नेमका पतंगाचा. त्यातलं एक वाक्य होतं, ‘छोकरो पतंग लईने धाबा पर चड्यो.’ म्हणजे मुलगा पतंग घेऊन गच्चीवर चढला. तिने वाचायला घेतलं, ‘छोकरी पतंग लईने धाबा पर...’ आणि शेवटच्या शब्दापाशी थांबली. बोट तिथेच. ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग तिने बोट उचललं, वाक्याच्या पहिल्या शब्दावर नेऊन ठेवलं आणि सावकाश, पुरत्या खात्रीने वाचलं, ‘छोकरो पतंग लईने धाबा पर चड्यो.’ चेहरा खुलला. पुढच्या वाक्याला हात घालते तोच मोबाइल वाजला. “बेन, फरीथी वांचुं?” पुन्हा वाचू का, असं तिने विचारलं. “ना बेटा, टाइम थई गयो. सरस वांच्युं.” ‘छोकरो’वरची आडवी रेघ तशीच राहिली. खाली आकडा पडला, ४१.

निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेच्या लक्ष्यांत दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तेही समजून, वाचावेत असं आहे. म्हणजे ही मुलगी मागे.

तो आकडा माझ्या डोक्यातून जाईना. त्या एका वाक्यात त्या मुलीने काय काय केलं होतं, ते मी घरी येताना रिक्षात पुन्हा पुन्हा आठवत होते. काना-मात्रेऐवजी वेलांटी वाचली गेली, हे खरंच. पण पुढे ‘चड्यो’ आलं तेव्हा तिच्या कानाला खटकलं. छोकरी असेल तर ‘चडी’ हवं. इथे ‘चड्यो’ लिहिलंय. म्हणजे मागे काहीतरी चुकलंय. कुठे चुकलंय, तेही तिने बरोबर हेरलं. चार शब्द ओलांडून पहिल्यावर गेली, तो दुरुस्त केला आणि मग अख्खं वाक्य नव्याने वाचलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ‘अं?’सुद्धा केलं नव्हतं. सात वर्षांचं मूल घरी न बोलल्या जाणाऱ्या भाषेत, अनोळखी माणसासमोर, घड्याळ चालू असताना हे करतं, याला मी वाचता येणं म्हणते. नुसतं अक्षराला अक्षर जोडत गेलेलं मूल ‘छोकरी चड्यो’ म्हणून सरळ पुढे गेलं असतं. त्याचीही एकच चूक धरली गेली असती. शिवाय वेळ वाचला असता आणि तेवढ्यात आठ-दहा शब्द जास्त झाले असते.

तिच्या आधीच्या एका मुलाने अगदी हेच केलं होतं. त्याचा आकडा पन्नाशीच्या पुढे होता.

आता यावर कुणी म्हणेल, मग चाचण्याच नकोत. मला तसं मुळीच वाटत नाही आणि त्याला कारण आहे. मी वडोदऱ्याच्याच मराठी शाळेत शिकले. आमच्या वर्गात एक मुलगा होता, उंच, कुरळ्या केसांचा, आवाज खणखणीत. प्रकट वाचनाला बाई हमखास त्याला उभं करायच्या. पुस्तक दोन्ही हातांत धरून, मान किंचित डोलवत तो धडाच्या धडा असा वाचायचा की आम्ही बघत राहायचो. एकदा शाळा तपासायला साहेब आले. बाईंनी कौतुकाने त्यालाच उठवलं. साहेबांनी चार ओळी ऐकल्या, जवळ आले, पानाच्या मधोमध अंगठा ठेवला आणि म्हणाले, “आता इथून वाच.” तो गप्प. साहेबांनी अंगठा दोन ओळी वर नेला. तरी गप्प. त्याचे कान लाल झाले होते आणि पुस्तक धरलेले हात हळूहळू खाली येत होते. त्याची मोठी बहीण घरी धडे मोठ्याने वाचायची, ते ऐकून ऐकून त्याला सगळं पुस्तक तोंडपाठ झालं होतं. चौथीत होतो आम्ही तेव्हा. तोवर चार वर्षं त्या मुलाला एक शब्द वाचता येत नव्हता आणि ते कुणाला माहीत नव्हतं. एवढी तल्लख स्मरणशक्ती असलेला मुलगा! पहिलीतच कुणीतरी पाच मिनिटं शेजारी बसवून न पाहिलेला उतारा पुढे ठेवला असता, तर त्याची ती वर्षं गेली नसती. म्हणून हल्लीच्या चाचण्यांत उतारा अनोळखीच हवा हा जो आग्रह आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो.

तो अंगठा मी विसरलेले नाही. पुढे २००९ पासून गुजरातेत गुणोत्सव सुरू झाला, मंत्री आणि मोठे अधिकारी स्वतः शाळांत जाऊन मुलांचं वाचन, लेखन, गणन बघू लागले, तेव्हाही मला तो आठवायचा. सचिवालयात बसणारा माणूस सतरंजीवर बसून तिसरीतल्या मुलाचं वाचन ऐकतोय, ही गोष्ट मला मनापासून आवडली होती. पण शाळेला श्रेणी मिळणार म्हटल्यावर वहिनीच्या घरी त्या दिवसांत जे वातावरण असायचं तेही मी पाहिलंय. रात्री अकरापर्यंत तक्ते रंगवणं चालायचं, आणि जे मूल वाचताना अडखळतं ते नेमकं त्या दिवशी गैरहजर राहिलं तर बरं, असा विचार एखाद्या चांगल्या शिक्षिकेच्याही मनात येऊन जायचा. तो विचार बोलून दाखवताना वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

देशभर मुलांच्या वाचनाविषयी बोललं जाऊ लागलं ते मुख्यतः ‘असर’मुळे. ‘प्रथम’ नावाच्या स्वयंसेवी संस्थेने २००५ साली ही पाहणी सुरू केली. ती शाळेत होत नाही, खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन होते, म्हणजे शाळेत न जाणारं मूलही तिच्यातून सुटत नाही. एका कागदावर अक्षरं, सुटे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. आधी उतारा देतात. तो जमला तर गोष्ट, नाही जमला तर शब्द, मग अक्षरं. या पाहणीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे तिथे मिनिट लावलेलं नसतं. मुलाने सावकाश वाचलं तरी चालतं. उताऱ्यात तीनपर्यंत चुकाही चालतात. बघायचं एवढंच, की ते वाक्य वाक्यासारखं वाचतंय की सुट्या शब्दांची यादी म्हणतंय. हे ऐकणाऱ्याला कानाने ठरवावं लागतं. आणि एवढ्या साध्या, सैल कसोटीवरही २०१८ साली ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी २७.३ टक्केच दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकत होती. कोरोनातल्या शाळाबंदीनंतर २०२२ मध्ये हा आकडा २०.५ वर घसरला, २०२४ मध्ये पुन्हा २७.१ वर आला. मोजलंच नसतं, तर यातलं काहीच समोर आलं नसतं. हे आकडे मी पाहते तेव्हा मला तो कुरळ्या केसांचा मुलगा दिसतो, आणि मोजणाऱ्यांविषयी कृतज्ञताच वाटते.

माझी तक्रार मिनिटाविषयी आहे. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, आणि एका मिनिटावरून वाचनाची परीक्षा करणाऱ्यांचं म्हणणं साधारण तेच असतं. त्यात तथ्यही आहे. अक्षर ओळखण्यातच सगळी शक्ती खर्च झाली, तर वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायला होते. म्हणून वेग हवाच. पण बारकाईने पाहिलं तर मोजला जातो तो शब्द, आणि शब्द सगळ्या भाषांत सारखा नसतो. मराठीत ‘घरासमोरच्या’ हा एक शब्द झाला. गुजरातीत ‘घरनी सामेना’ हे दोन, हिंदीत ‘घर के सामने के’ हे चार. तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० ही एकच पट्टी सगळीकडे लावली, तर कुणाला किती चढ चढावा लागतो ते मुलांनाच ठाऊक. हे सरकारी पातळीवरही लक्षात आलं, ही समाधानाची गोष्ट आहे. एनसीईआरटी या केंद्राच्या शिक्षणविषयक संस्थेने मार्च २०२२ मध्ये तिसरीच्या सुमारे ८६ हजार मुलांना एकेकटं बसवून २० भाषांमध्ये त्यांचं वाचन ऐकलं आणि त्यावरून प्रत्येक भाषेची पट्टी वेगळी आखली. शिवाय आपल्या लिप्यांत शिकायचं असतं किती! इंग्रजीत सव्वीस अक्षरांवर निदान ओळख तरी संपते; इथे मुळाक्षरं, मग काना-मात्रा-वेलांटी-उकार, मग जोडाक्षरं. कन्नड मुलांचा अभ्यास करताना वाचनाच्या संशोधक सोनाली नाग यांना दिसलं, की अक्षरांचा सगळा पसारा ताब्यात यायला चौथीपर्यंतचा काळही सर्वांना पुरत नाही. कन्नडची लिपी वेगळी असली तरी बाराखडीचा हिशोब आपल्यासारखाच आहे. त्यामुळे दुसरीत एखादी वेलांटी-मात्रेची गल्लत म्हणजे मूल मागे पडलं, असं मला वाटत नाही.

त्यातून आमच्या वडोदऱ्यातल्या मराठी घरांतली मुलं. मराठी माध्यमाच्या शाळा इथे कमी कमी होत गेल्या. आता बहुतेकांच्या घरात एक मूल गुजरातीत तर दुसरं इंग्रजीत शिकतं. दांडिया बाजारात आमच्या आत्याकडे गेलं की तिचा नातू शाळेची गुजराती चोपडी वाचून दाखवतो, डोक्यावर रेघ नसलेली अक्षरं. मग आत्या त्याला पोथीतलं एखादं मराठी पान देते आणि तो रेघेखालची अक्षरं ओळखीच्या खुणांवरून हुडकत हुडकत वाचतो. ‘क’ला अडतो, ‘झ’ला अडतो, ‘अ’ दिसला की हसतो, कारण तो बराचसा तसाच आहे. दोन लिप्यांच्या मधे उभं राहून हे मूल जे करतं, त्याची नोंद कुठल्याच तक्त्यात होत नाही. शाळेच्या लेखी तो गुजराती वाचनात मध्यम आहे. आत्या मात्र शेजारपाजारी सांगत फिरते, आमचा पोरगा दोन भाषा वाचतो. मला विचाराल तर आत्याचं मूल्यमापन जास्त बरोबर आहे.

न्यूझीलंडच्या शिक्षणतज्ज्ञ मारी क्ले यांनी साठच्या दशकात मुलांचं वाचन नोंदवण्याची जी पद्धत बसवली, तिच्याविषयी वाचताना मला ही पतंगाची मुलगी वारंवार आठवली. त्या पद्धतीत शिक्षिका मुलाच्या शेजारी बसते आणि कोऱ्या कागदावर, बरोबर वाचलेल्या प्रत्येक शब्दाला एक खूण करत जाते. चुकीचा वाचला तर काय वाचला ते लिहून ठेवते. मूल मागे गेलं तर मागे बाण. आणि स्वतःहून दुरुस्त केलं तर त्याची वेगळी खूण. ते चुकीत धरायचंच नाही. नंतर बसून विचार करायचा, की हे मूल कशाच्या आधाराने वाचतंय? अक्षरांच्या, वाक्याच्या चालीच्या, की अर्थाच्या? त्या कागदावर आमच्या मुलीची एकही चूक राहिली नसती, उलट तिचा बाण आणि तिची दुरुस्ती ठळक दिसली असती. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिल्या इयत्तेची जी उच्चारांची तपासणी होते, तिच्यात ४० शब्द असतात आणि त्यातले निम्मे मुद्दाम निरर्थक. मूल अक्षरांवरूनच वाचतंय ना, हे कळावं म्हणून. त्यामागचा हेतू मला समजतो. पण काही चांगली वाचणारी मुलं तिथे अडखळतात, कारण अर्थ नसलेला शब्द दिसला की ती त्याच्या जवळचा अर्थ असलेला शब्द वाचून मोकळी होतात. अर्थ शोधायची सवय लागलेल्या मुलाला त्या सवयीपायी गुण जावेत, हे मला इथेही बघवत नाही आणि तिथलं वाचूनही बरं वाटत नाही.

वहिनीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती उठली आणि कपाटातून एक जुनी वही काढून आणली. पीटीसी, म्हणजे प्राथमिक शिक्षकाचा अभ्यासक्रम, करताना एका बाईंनी सांगितलं होतं म्हणे, की मूल वाचत असताना तोंडाकडे बघू नका, बोटाकडे बघा. तेव्हापासून ती स्वतःपुरती नोंद ठेवते. वहीत प्रत्येक मुलाला एक पान. ‘बोट थांबलं, मग सुटलं.’ ‘चित्र बघून वाचतो.’ ‘र्‍हस्व-दीर्घ सगळं सारखंच, पण गोष्ट सांगता येते.’ ‘पूर्णविरामाला श्वास घेतो, छान.’ ‘आज कान दुखत होता.’ एका पानावर नुसतंच लिहिलं होतं, ‘मला ऐकवायला बारा वाजेपर्यंत थांबली.’ गुजरातच्या सरकारी शाळांत कृतीतून शिकवणारे प्रज्ञा वर्ग सुरू झाले तेव्हा, प्रत्येक मूल आपापल्या गतीने शिडी चढणार आणि त्याची त्याची नोंद होणार या कल्पनेवर ती किती खूश होती, तेही तिने सांगितलं. ही वही कुणी मागत नाही. वर पाठवायचा असतो तो आकडा.

आकडा वर जातो, तसा खाली घरापर्यंतही पोचतो, आणि तिथे त्याचं काय होतं ते मी आमच्या सोसायटीत बघते. संध्याकाळी पार्किंगमधल्या ओट्यावर एक आई मुलाला घेऊन बसते. हातात मोबाइल, स्टॉपवॉच चालू. मुलगा वाचत सुटतो. पूर्णविरामाला थांबत नाही, प्रश्नचिन्हाला आवाज चढत नाही, कोल्हा मेला काय आणि राजाला मुलगा झाला काय, सगळं एका दमात. मिनिट संपलं की तो गोष्टीच्या मधेच थांबतो आणि विचारतो, “केटला थया?” म्हणजे किती शब्द झाले. पुढे काय झालं हे त्याला जाणून घ्यायचं नसतं. त्या आईला मी दोष देत नाही; शाळेतून तिला ‘गती वाढवा’ एवढंच सांगितलेलं आहे. पण त्या मुलाच्या वाचनातून श्वास निघून गेलाय. पुस्तकात पुढे काय होईल या उत्सुकतेने पान उलटायची ओढ जर याच वयात विझली, तर सहावी-सातवीत तो मिनिटाला दीडशे शब्द वाचेल आणि आपण होऊन एकही पुस्तक हातात घेणार नाही, ही भीती मला खरोखर वाटते.

आणि हे सगळं ज्या शहरात चाललंय, त्या शहराचा राजा बाराव्या वर्षापर्यंत निरक्षर होता. १८७५ साली कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक आणलेल्या त्या मुलाला तेव्हा अक्षरओळखही नव्हती. त्याच सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला, १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानात लागू केला, मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंड ठेवला. १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभं करायला घेतलं, खेड्यांसाठी पुस्तकांच्या पेट्या फिरत्या ठेवल्या. उशिरा वाचायला लागलेल्या मुलांना सगळ्यांनाच सयाजीरावांसारखे खास शिक्षक मिळत नाहीत, हे मला कळतं. त्यांच्यासाठी खास शाळाच भरत होती. पण बारा वर्षांच्या त्या मुलाला समोर बसवून कुणी त्याच्या वयाच्या पट्टीवर मोजलं असतं, तर काय लिहिलं असतं? लहानपणी मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बाबा मला न्यायचे. पुस्तकांच्या मजल्यांची जमीन जाड काचेची. खालून वर जाणाऱ्या माणसांच्या सावल्या दिसत. तिथे एका कोपऱ्यात मी तासन्‌तास वाचायची, बऱ्याच शब्दांचा अर्थ न कळता. बाबा घरी जाताना एकच विचारायचे, “मग, काय झालं पुढे?”

त्या चाचणीनंतर वहिनी मुख्याध्यापकांशी बोलली. आकडा काढायला तिचा विरोध नाही, तो ठेवाच म्हणाली. पण त्याच्या शेजारी दोन रकाने हवेत. एक, मुलाने आपणहून काय दुरुस्त केलं, आणि दुसरा, वाचून झाल्यावर त्याने गोष्ट स्वतःच्या शब्दांत, मग ते मराठीत का असेना, सांगितली का. वरच्या तक्त्यात बदल करणं त्यांच्या हातात नाही, पण शाळेपुरती अशी नोंद ठेवायला त्यांनी होकार दिलाय. रोज पहिल्या तासाला तीन मुलं, प्रत्येकाला दहा मिनिटं, घड्याळ न लावता. वर्गात ३८ मुलं आहेत, म्हणजे पंधरवड्यात एक फेरी होते. पतंगाच्या मुलीचं नाव तिने पहिल्या दिवशीच घातलंय. त्या अर्ध्या तासात बाकीच्या पस्तीस मुलांकडे कोण बघणार, हे मात्र अजून ठरायचंय. दुसरी शिक्षिका मोकळी नाही. मी आठवड्यातून दोन सकाळी जाऊ शकते असं कळवलंय, आणि आत्याला गोष्टी सांगायला बोलावता येईल का, ते वहिनी विचारणार आहे.